फातिमाचे तिसरे रहस्य : एका वाचनाचे वाचन

काही मजकुरांची कीर्ती ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच होऊन जाते. आणि प्रसिद्ध झाल्यावर मात्र ते फारसे कोणी वाचत नाही. फातिमाचे तथाकथित 'तिसरे रहस्य' हा अशांपैकी एक मजकूर होय. ३ जानेवारी १९४४ रोजी सिस्टर लूसिया यांनी स्पेनमधील तुय या गावी तो कागदावर उतरविला. १९५७ साली बंद लखोटा रोमला पोहोचला. त्यानंतर त्रेचाळीस वर्षे त्या लखोट्याभोवती तर्कांचे जाळे विणले गेले. कोणी म्हणे त्यात अणुयुद्धाची तारीख आहे, कोणी म्हणे ख्रिस्तसभेच्या फुटीची कहाणी आहे. २६ जून २००० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने लूसियांच्या हस्ताक्षरासह तो प्रकाशित केला आणि त्यासोबत मंडळाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांचे भाष्य जोडले. हस्तलिखित जेमतेम चार पानांचे. भाष्य त्याच्या कितीतरी पट मोठे. लोकांनी चार पाने चाळली, "एवढेच होते काय?" असे म्हटले आणि भाष्य बाजूला ठेवून दिले.

आमच्या मते त्या पुस्तिकेत भाष्यच अधिक मोलाचे आहे. हे विधान काहींना धाडसाचे वाटेल, म्हणून ते करण्याचे निमित्त आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वाड्यातील एक मावशी आमच्याकडे आल्या. त्यांची धाकटी बहीण मधुमेहाची जुनी रोगी. एका प्रार्थनासभेत प्रवचनकाराने डोळे मिटून सांगितले, की या मंडपात साखरेचा विकार असलेली एक भगिनी आहे व प्रभू या क्षणी मला सांगत आहे की ती बरी झाली. बहिणीने त्या रात्रीपासून गोळ्या बंद केल्या. पुढे काय झाले ते लांबवीत नाही. उजव्या पायाचे एक बोट गेले. मावशींना त्या प्रवचनकाराबद्दल तक्रार करावयाची नव्हती. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांनी दारातच, छत्री मिटता मिटता विचारला : "मास्तर, तो बोलला तेव्हा देव बोलला की माणूस बोलला? आणि देव आता बोलतच नसेल, तर आम्ही रोज सायंकाळी गुडघे टेकून ऐकतो तरी कोणाचे?"

प्रश्न दोन आहेत आणि दुसरा पहिल्याहून अवघड आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही फातिमाच्या त्या भाष्याकडे पुन्हा वळलो.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण आपल्या मराठीत तो इतर भाषांहून थोडा जास्तच आहे. 'साक्षात्कार' हा शब्द आपल्याला संतपरंपरेने दिला. तो भक्ताच्या अंतरंगात घडतो. एकाला घडला म्हणून दुसऱ्याला घडत नाही. आणि प्रत्येक पिढीत, किंबहुना प्रत्येक जन्मात, तो नव्याने घडू शकतो. ख्रिस्ती धर्मशिक्षणात आपण 'प्रकटीकरण' म्हणतो. त्यात आड असलेले उघड करण्याचा अर्थ आहे. पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे नावही तेच असल्यामुळे सामान्य श्रोत्याच्या मनात प्रकटीकरण म्हटले की सात शिक्के, सात कर्णे आणि जगाचा अंत हेच उभे राहते. त्यामुळे होते असे, की ख्रिस्तसभा ज्याला सार्वजनिक प्रकटीकरण म्हणते ते ऐकताना आपण अर्धे साक्षात्कार ऐकतो आणि अर्धे भविष्यकथन. मूळ अर्थ दोहोंपेक्षा साधा आहे. अब्राहामापासून येशू ख्रिस्तापर्यंत देवाने कृतींतून व शब्दांतून एका प्रजेच्या इतिहासात स्वतःला दिले, ते सर्व मानवजातीसाठी दिले, आणि प्रेषितांनी त्याची साक्ष सोपवून ठेवली. ते हे प्रकटीकरण.

'खाजगी' हा शब्दही असाच चकवा देतो. १३ ऑक्टोबर १९१७ रोजी कोव्हा दा इरियाच्या चिखलात हजारो माणसे उभी होती, वृत्तपत्रांचे वार्ताहर होते, टवाळखोरही होते. तरी फातिमा खाजगी. उलट जळत्या झुडपासमोर मोशे एकटाच होता, सोबतीला त्याची मेंढरे. तरी ते सार्वजनिक. येथे प्रश्न गर्दीचा नाही. ज्यावर सर्वांची श्रद्धा बांधलेली आहे ते सार्वजनिक. ज्याचा स्वीकार न करताही माणूस पूर्ण कॅथलिक राहू शकतो ते खाजगी. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी, जे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले, ही गोष्ट फार समंजसपणे मांडली : मान्यता मिळालेल्या खाजगी प्रकटीकरणावर ठेवायचा तो विश्वास मानवी स्वरूपाचा असतो, शहाण्या माणसाने विश्वासार्ह साक्षीवर ठेवावा तसा. रॅट्झिंगर आपल्या भाष्यात त्यांचा आधार घेतात. हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मे महिन्यात क्रुसापाशी लदीन झाल्यावर आपल्या वृद्धांना एकदा विचारून पाहावे. फातिमा न मानणे हे पाप आहे असे सांगणारे बरेच भेटतील. काही तर असेही समजतात की ही भक्ती पोर्तुगिजांनी आपल्याला श्रद्धेसोबतच दिली. वास्तविक पोर्तुगीज १७३९ साली वसईतून गेले आणि फातिमा त्यानंतर १७८ वर्षांनी घडली. श्रद्धा आणि भक्ती यांच्यातील एवढे अंतर जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ.

प्रकटीकरण ख्रिस्तात पूर्ण झाले, ही शिकवण काही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नव्याने आणली नाही. प्रेषितांबरोबर प्रकटीकरण संपले नाही, हे मत १९०७ साली पोप दहावे पायस यांच्या काळात निषिद्ध ठरविले गेले होते. सोळाव्या शतकात संत क्रूसयोहान यांनी 'कार्मेल पर्वताचे आरोहण' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, बाविसाव्या प्रकरणात, तीच गोष्ट एका प्रियकराच्या रागाने सांगितली आहे. देवाने आपला एकुलता एक शब्द दिला, त्यात सारे काही सांगून टाकले. आता जो कोणी नवा दृष्टांत मागतो तो देवाला म्हणतो की हे पुरेसे नाही, आणि हा अपमान आहे. हा युक्तिवाद करणारा माणूस रुक्ष पंडित नव्हता, तो स्वतः गूढानुभवाचा महाकवी होता, हे विसरून चालणार नाही. ज्याला सर्वांत अधिक दिसले, तोच दिसण्याबद्दल सर्वांत साशंक.

परंतु 'पूर्ण झाले' याचा अर्थ 'देव आता गप्प झाला' असा घेतला, तर मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. एके काळी धर्मशिक्षणाची पुस्तके जवळजवळ तसाच अर्थ देत असत. प्रकटीकरण म्हणजे सत्यांची एक पेटी, प्रेषितांनी कुलूप लावून ठेवलेली. ख्रिस्तसभेचे काम पहाऱ्याचे. या चित्रात रखवालदार आहे, वारसदार दिसत नाही.

परिषदेत याच चित्रावरून पहिली मोठी झुंज झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'प्रकटीकरणाचे स्रोत' या नावाचा मसुदा बिशपांपुढे आला. २० नोव्हेंबरला त्यावरील चर्चा थांबवावी काय, असा कौल घेतला गेला. १,३६८ बिशप थांबवा म्हणाले, ८२२ चालू ठेवा म्हणाले. नियमानुसार दोन-तृतीयांश मते हवी होती, ती शंभराच्या आसपास कमी पडली. बहुमताला नको असलेला मसुदा नियमाच्या बळावर पुढे जाणार, अशी चमत्कारिक अवस्था झाली. दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे योहान यांनी मसुदा मागे घेऊन तो नव्याने लिहावयास लावला. त्यातून तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, 'देई व्हर्बुम' हे संविधान २,३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाले. पवित्र आत्मा ख्रिस्तसभेला कसे मार्गदर्शन करतो, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्ही कोणत्याही दृष्टांताआधी या तीन वर्षांकडे बोट दाखवू. त्यात आकाशवाणी नव्हती. मतदान होते, कंटाळा होता, भांडणे होती, पुनर्लेखन होते आणि एका वृद्ध पोपचा समजूतदारपणा होता.

त्या संविधानाच्या चौथ्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की प्रभूच्या पुनरागमनापर्यंत नवे सार्वजनिक प्रकटीकरण होणार नाही. मात्र आठव्या परिच्छेदात तितकेच स्पष्ट म्हटले आहे, की प्रेषितांकडून आलेल्या परंपरेचे आकलन पवित्र आत्म्याच्या साहाय्याने ख्रिस्तसभेत वाढत जाते : श्रद्धावंतांच्या चिंतनाने व अभ्यासाने, आध्यात्मिक अनुभवाने, बिशपांच्या उपदेशाने. या ठिकाणी परिषद आदर्श म्हणून कोणाकडे पाहते? मेंढपाळांचे बोलणे ऐकून ते अंतःकरणात जपून ठेवणाऱ्या आणि त्यावर मनन करणाऱ्या मरियेकडे. लूकच्या शुभवर्तमानातील हाच प्रसंग जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४३ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या प्रवचनात घेतला होता. मरिया केवळ स्वीकारून थांबत नाही, स्वीकारलेल्यावर ती विचार करते. म्हणून ती विद्वानांचाही आदर्श, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन वर्षांनी, सिद्धांतांच्या विकासावरील आपला ग्रंथ पुरा होत असतानाच, ते कॅथलिक झाले. झऱ्याचे पाणी उगमापाशीच सर्वांत निर्मळ, हा दृष्टांत महान विचारांना लागू पडत नाही, असे ते त्या ग्रंथात म्हणतात. विचाराला पात्र रुंद व्हावे लागते, खोल व्हावे लागते, तेव्हा त्याचे खरे रूप कळते. १८४५ साली हे लिहिणे अँग्लिकनांना आवडले नाही आणि पुष्कळ कॅथलिकांनाही पचले नाही. २०१९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

रॅट्झिंगर यांच्या विचाराची मुळे मात्र आणखी एका ठिकाणी आहेत. १९५० च्या दशकात म्युनिक येथे अध्यापनाच्या पात्रतेसाठी त्यांनी संत बोनाव्हेंतुरांवर प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की तेराव्या शतकात प्रकटीकरण हा शब्द पुस्तकाला लावत नसत. तो देवाच्या कृतीला लावत. आणि कृती म्हटली की ती स्वीकारणारा हवाच. ज्याच्यापुढे पडदा उचलला गेला त्याने पाहिलेच नाही, तर प्रकटीकरण घडले असे म्हणता येत नाही. परीक्षकांना यात आधुनिकतेचा वास आला. तो भाग काढून टाकावा लागला, उरलेल्यावर १९५७ साली कसेबसे काम निभावले. हे त्यांनीच पुढे आत्मकथनात सांगितले आहे. ऐकणारा हा प्रकटीकरणाचा भाग आहे, हे एकदा मान्य केले की पेटीचे चित्र मोडते. बोलणे पूर्ण झालेले असते आणि ऐकणे चालू राहते. यात विसंगती नाही.

आता मूळ मजकुराकडे वळू. त्यात संवाद नाही, तारीख नाही, देशाचे नाव नाही. एक देवदूत आहे, हातात ज्वालांची तलवार. त्या ज्वाला जगाला जाळतील असे वाटते, पण मरियेच्या उजव्या हातातून निघणाऱ्या तेजाला भिडताच विझतात. देवदूत पृथ्वीकडे बोट करून तीनदा प्रायश्चित्ताची हाक देतो. मग पांढऱ्या वस्त्रांतील एक बिशप दिसतो. हे पोप असावेत असे मुलांना वाटले. अर्ध्या उद्ध्वस्त शहरातून, वाटेतल्या प्रेतांसाठी प्रार्थना करीत, अडखळत तो एक उभा चढ चढतो. माथ्यावर न तासलेल्या ओंडक्यांचा मोठा क्रूस आहे, बुचाच्या झाडाचे असावेत तसे सालीसकटचे ओंडके. त्याच्या पायथ्याशी सैनिक गोळ्या व बाण झाडून त्याला ठार करतात. त्याच्यामागून बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी, प्रापंचिक स्त्रीपुरुषही मरतात. क्रुसाच्या दोन बाहूंखाली दोन देवदूत स्फटिकाच्या पात्रांत हुतात्म्यांचे रक्त गोळा करतात आणि देवाकडे निघालेल्या आत्म्यांवर शिंपडतात.

हा मजकूर लिहिणारी स्त्री १९१७ साली दहा वर्षांची, मेंढरे राखणारी मुलगी होती. रॅट्झिंगर तिच्या लिखाणाकडे कसे पाहतात, ते येथे फार महत्त्वाचे आहे. दृष्टांत म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली बाहेरची वस्तू नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे. तो आतल्या दृष्टीला घडतो, म्हणून पाहणाऱ्याच्या कुवतीतून, त्याच्या स्मृतीतून, त्याला ठाऊक असलेल्या प्रतिमांतून घडतो. शेवटच्या भागातील प्रतिमा लूसियांनी भक्तिपर पुस्तकांतून पाहिल्या असण्याची शक्यताही ते मोकळेपणाने सांगतात. श्रद्धेचे रक्षण हे ज्याचे कामच, त्या पदावरील माणसाने असे लिहावे, याने त्या वेळी काहींना धक्का बसला. आम्हाला त्यात समीक्षकाचा प्रामाणिकपणा दिसतो. क्रूस बुचाच्या झाडाच्या सालीचा का? कारण ती झाडे त्या मुलांच्या कुरणांच्या आसपास होती. हाच दृष्टांत आपल्या डोंगराकडच्या एखाद्या पोराला घडला असता, तर ओंडके सागाचे किंवा ऐनाचे असते आणि त्याने दृष्टांत खोटा ठरला नसता.

मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. १६१६ साली राचोल येथे छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आपल्यासमोर आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाने प्रकटीकरणात एका अक्षराची भर घातली नाही. तशी त्यांची प्रतिज्ञाही नव्हती. पण पुराण ऐकण्याची सवय असलेल्या कानांना ते प्रथमच त्यांच्या चालीत ऐकू आले. ग्रंथाच्या आरंभी श्रोताच पाद्रींना विनवितो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आम्हाला दुसरे पुराण द्या. जुनी पुराणे बंद करण्यामागची सक्ती आज आपल्याला टोचते आणि टोचलीच पाहिजे. तरी ग्रंथाची सुरुवात ऐकणाऱ्याच्या मागणीपासून व्हावी, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते. देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचा वाटा त्यात आहे.

भाष्याची ही पद्धत आम्ही मनापासून मान्य करतो. तथापि त्याच भाष्यात एक दुबळी जागा आहे, ती न दाखविणे बरे नव्हे. दृष्टांतात पांढऱ्या वस्त्रांतील बिशप ठार होतो. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते वाचले. स्वतः पोपनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला. एका मातेच्या हाताने गोळीची दिशा वळविली असे ते म्हणत. ती गोळी आज फातिमाच्या मूर्तीच्या मुकुटात आहे. भाष्य हा संबंध स्वीकारते आणि दृष्टांतातील घटना आता भूतकाळाच्या वाटतात, असा सूर लावते. मजकुरात मृत्यू आहे, इतिहासात नाही. मग जुळणी कशी? रॅट्झिंगर यांचे उत्तर असे, की दृष्टांत हा भविष्याचा आधीच घेतलेला चित्रपट नसतो. तो माणसाचे स्वातंत्र्य जागे करण्यासाठी असतो. प्रार्थनेने इतिहासाची दिशा बदलू शकते.

हे उत्तर तत्त्वतः खरे आहे आणि त्याला योनाच्या पुस्तकाचा भक्कम आधार मिळतो. चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल, असे योनाने सांगितले, निनवेने प्रायश्चित्त केले, निनवे उरली. भविष्य खोटे ठरले म्हणूनच संदेश खरा ठरला. त्या कथेत रुसून बसतो तो एकटा संदेष्टा. शहराबाहेर मांडव घालून, आता तरी नगर जळते की काय, हे पाहत बसलेला योना आम्हाला वारंवार आठवतो. कारण तीन दिवसांच्या काळोखाची पत्रके वाटणारे, मेणबत्त्यांचे गठ्ठे साठवा म्हणून सांगणारे आणि १९९९ चा डिसेंबर काहीच न घडता सरल्यावर थोडे हिरमुसलेले आमचे काही सज्जन मित्र त्याच मांडवात बसलेले आहेत.

पण तत्त्व खरे असले तरी एका विशिष्ट घटनेवर बोट ठेवून 'हेच ते, आणि ते झाले' असे म्हणताना भाष्यकाराने आपल्याच पद्धतीशी थोडी फारकत घेतली, असे आम्हाला वाटते. जो मजकूर प्रतिमांनी बोलतो, ज्यात एका शतकाचे हुतात्मे एकाच चढणीवर एकवटले आहेत, त्याला एका तारखेत बसविले की तो लहान होतो. त्यातूनच पुढे 'मजकुराचा काही भाग अद्याप लपविलेला आहे' असे म्हणणाऱ्यांना वाव मिळाला; ज्यांना कोडे हवे होते त्यांना इतके सोपे उत्तर पटले नाही.

आश्चर्य असे, की ही दुरुस्ती भाष्यकाराने स्वतःच केली. ११ मे २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोर्तुगालला जाताना विमानात पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले की फातिमाने सूचित केलेल्या यातना ख्रिस्तसभेच्या आतूनही, तिच्यातील पापातूनही येतात, आणि हे आज आपण भयावह रीतीने पाहतो आहोत. बालकांवरील अत्याचारांच्या प्रकरणांनी ख्रिस्तसभा हादरलेली ती वर्षे होती. दोन दिवसांनी फातिमाच्या प्रांगणात त्यांनी सांगितले की फातिमाचे संदेष्टेपणाचे कार्य संपले असे मानणारा चुकतो. चार पानांचा मजकूर तोच होता. वाचकही तोच. दहा वर्षांत त्याने पाहिले ते मात्र पूर्वी पाहिलेले नव्हते. थोरला ग्रेगरी म्हणत असे की पवित्र शास्त्र वाचणाऱ्याबरोबर वाढते. हे वचन २००० सालच्या भाष्यातही उद्धृत आहे. ते शास्त्राबद्दल आहे, खाजगी दृष्टांताबद्दल नाही, हा भेद राखूनही असे म्हणता येईल की येथे वाचणारा वाढला. आपलेच पूर्वीचे वाचन अपुरे होते हे शब्दांत न सांगता कृतीने सांगणारा पोप आम्हाला पुष्कळ काही शिकवून जातो.

आणि लूसिया? एप्रिल २००० मध्ये पोपच्या वतीने आर्चबिशप बेर्तोने त्यांना कोइम्ब्रा येथील मठात भेटले. लखोट्यावर १९६० हे साल का लिहिले, असे त्यांनी विचारले. या एका आकड्यावर जगभर किती पुस्तके लिहिली गेली होती! लूसियांनी सांगितले की ते साल मरियेने सांगितले नव्हते, आपल्यालाच वाटले की त्यापूर्वी हे समजणार नाही. पुढे त्यांनी सांगितले की आपण जे पाहिले ते लिहिले. अर्थ लावणे आपल्याकडे नाही, ते पोपकडे आहे. त्या वेळी त्या त्र्याण्णव वर्षांच्या होत्या.

आम्ही ही पाने पहिल्यांदा वाचली तेव्हा या उत्तरावरून पुढे निघून गेलो होतो. मावशींच्या प्रश्नानंतर मात्र तेथे थांबलो. पाहणे आणि अर्थ लावणे यांत लूसियांनी जी रेघ ओढली, तीच त्या मंडपातील प्रवचनकाराने पुसून टाकली होती. त्याला काही जाणवले असेल. ते खोटेच होते असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पौल थेस्सलनीकाकरांना आत्मा विझवू नका असे सांगतो आणि त्याच श्वासात सर्व गोष्टी पारखून घ्या असेही सांगतो. जाणवलेले पारखायला दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. डॉक्टरांच्या, धर्मगुरूंच्या, घरच्या माणसांच्या, आणि सर्वांआधी शुभवर्तमानाच्या हाती. ते हातचे न सोडता 'देव मला सांगत आहे' असे म्हणणारा माणूस देवाचा शब्द आणि स्वतःचा आवाज यांच्यामध्ये ऐकणाऱ्याला उभे राहायला जागाच ठेवत नाही. मे २०२४ मध्ये रोमने अशा घटनांच्या तपासासाठी नवे नियम केले, त्यांतही हाच सावधपणा आहे. आता एखादी घटना अलौकिक आहे असे घोषित करणे हा नेहमीचा शेवट राहिलेला नाही. फार तर 'हरकत नाही' असे म्हटले जाते आणि भक्तीला वाट दिली जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेजुगोर्येबाबत तसेच म्हटले गेले. ज्यांना शिक्कामोर्तब हवे होते ते नाराज झाले, ज्यांना बंदी हवी होती तेही नाराज झाले.

मग रोज सायंकाळी गुडघे टेकून आपण ऐकतो ते कोणाचे? योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू शिष्यांना म्हणतो की पुष्कळ सांगायचे आहे, पण आता तुम्हाला ते पेलणार नाही. आत्मा येईल, तो तुम्हाला संपूर्ण सत्यात नेईल, आणि तो स्वतःचे काही सांगणार नाही, माझ्यापासूनच घेईल. भाष्यात रॅट्झिंगर यांनी या वचनावर भर दिला आहे. जपमाळेच्या वीस रहस्यांत कोणतीही नवी बातमी नाही. ज्या आईचे मूल आजारी आहे ती ज्या दिवशी पाचवे दुःखाचे रहस्य म्हणते, त्या दिवशी तिला ते कालच्यासारखे ऐकू येत नाही, एवढेच.

हे सारे आम्ही मावशींना सांगितले, अर्थात इतक्या पसाऱ्याने नव्हे. निनवेची गोष्ट त्यांना ठाऊक होती. परिषदेच्या मतांचे आकडे त्यांनी शिष्टाचार म्हणून ऐकून घेतले. लूसियांचे उत्तर सांगितले तेव्हा मात्र त्यांनी ते पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "जिला खरोखर दिसले ती म्हणते अर्थ माझ्याकडे नाही?" आणि थोड्या वेळाने, "थांबा, हे माझ्या बहिणीला तुम्हीच सांगा. माझे ती ऐकणार नाही."

आम्ही गेलो. बहीण ओटीवर पाय वर घेऊन बसली होती. शेजारी गोळ्यांचा डबा होता, भिंतीवर फातिमामातेची तसबीर होती. त्या सभेला ती अजून जाते, असे तिने आम्हाला आधीच सांगून टाकले. गाणी फार छान असतात म्हणाली. आम्ही बसलो आणि लूसियांपासून सुरुवात केली.